खेळेल त्याचा खेळ

दिवाळीची सुट्टी लागली की पोरांनी अंगणात किल्ला करावा, ही आमच्या शहापूर-मुरबाडकडची जुनी रीत. समोर माहुलीचा डोंगर उभा असल्यामुळे नमुना शोधायला कुठे जावे लागत नाही. ओढ्याकाठची माती, एक फाटके गोणपाट, चार दगड, बुरुजावर ठेवायला फुटकी पणती आणि तटावर पेरलेले अळीव, एवढ्या भांडवलावर राज्य उभे राहते. ह्या राज्याचा कायदाही साधा आहे. ज्याने माती कालवली त्याने बुरूज कुठे बांधायचा ते ठरवावे. शेजारच्या पोराला तो पटला नाही तर त्याने आपल्या अंगणात दुसरा बांधावा. तळ्यात पाणी कसे टिकवले, हे कोणी कोणापासून लपवीत नाही. आणि भाऊबीज उलटल्यावर किल्ला मोडायचा तो बांधणाऱ्यानेच. दुसऱ्या कोणी लाथ मारली तर त्या गल्लीत आठवडाभर युद्ध चालते.

अलीकडे किल्ले कमी झाले. ओट्यावर पाच पोरे एका फोनभोवती मधमाश्यांसारखी लगडलेली दिसतात. ह्यावर एक उसासा टाकून 'आमच्या वेळी असे नव्हते' ह्या चालीवर लेख लिहिणे मला सोपे होते. तसे लेख दर दिवाळीला निघतात, वडीलधारी मंडळी ते वाचून मान डोलावतात आणि पोरे फोनवर खेळत राहतात. मला तो लेख लिहायचा नाही. खेळ बदलला, ही माझी तक्रार नाही. मातीऐवजी काच आली, यायचीच होती. पण काचेबरोबर किल्ल्याचा कायदा गेला, ही माझी तक्रार आहे. आणि तो परत आणता येतो हे ठाऊक असूनही आपण शहाणी माणसे हात बांधून बसलो आहोत, हा माझा आरोप आहे.

मी कोण, ते आधी सांगितले पाहिजे. मी दहावी शिकलेला, म्हणजे आमच्या वडिलांच्या भाषेत मॅट्रिक झालेला चित्रकलेचा मास्तर. घर शहापूर तालुक्यात, शाळा मुरबाड तालुक्यात. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. संगणकाचा आणि माझा संबंध इतकाच, की चित्रकलेचा तास म्हणजे रिकामा तास अशी सर्व शाळांप्रमाणे आमच्याही शाळेची समजूत असल्यामुळे संगणकाच्या खोलीची किल्ली माझ्या गळ्यात आली. खोलीत आठ यंत्रे. ती चालत होती. एके दिवशी दुकानदार येऊन पाहून गेला आणि म्हणाला, "मास्तर, ही आता भंगारात काढा."

कारण काय? तर मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ह्या आपल्या प्रणालीचा नेहमीचा सांभाळ थांबवला. हवी त्याला थोडी मुदतवाढ ठेवली, पण रस्ता एकच दाखवला: विंडोज ११. आणि ती नवी प्रणाली आमच्या जुन्या यंत्रांना आपल्या उंबऱ्यावर उभी करीत नाही. तिला सुरक्षेची एक विशिष्ट चकती आणि नव्या पिढीचा मेंदू लागतो. म्हणजे बैल धडधाकट, औत धडधाकट, पण कासऱ्याचा मालक म्हणतो की ह्या बैलांना मी आता कासरा देत नाही.

मी शाळा व्यवस्थापन समितीपुढे दुसरा मार्ग ठेवला. ह्या यंत्रांवर लिनक्स घालू. ते फुकट आहे आणि जुन्या यंत्रावर सुखाने चालते. तेव्हा समितीत दोन वाक्ये बोलली गेली, आणि हा लेख त्या दोन वाक्यांवर आहे. एक तरुण सभासद म्हणाला, "लिनक्सवर गेम चालत नाहीत हो, सर. पोरे त्या खोलीत फिरकायची नाहीत." आणि एक वयस्क सभासद ताडकन म्हणाले, "गेम चालत नाहीत? मग तर लगेच घाला!"

दोघेही माझे हितचिंतक. दोघेही चुकलेले. एकेकाचा समाचार घेतो.

परंतु घरच्या मंडळींपैकी ज्यांना लिनक्स हे एखाद्या साबणाचे नाव वाटेल, त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. चकलीच्या भाजणीचे प्रमाण आजीने सांगितले, आईने त्यात मूठभर पोहे वाढवले, मावशीने जिरे कमी केले. तिघींच्या चकल्या वेगळ्या आणि तिघींच्या स्वतःच्या. बाजारची तयार भाजणी आणली तर पीठ मिळते, प्रमाण मिळत नाही. संगणकाला काय करावे ते सांगणारी जी मूळ आज्ञावली असते, ते त्याचे प्रमाण. विंडोजवाले ते कुलूपबंद ठेवतात. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन नावाच्या गृहस्थाने जाहीर केले की असे कुलूप नसलेली संपूर्ण प्रणाली मी तयार करणार. जो वापरील त्याला ती उघडून पाहण्याचा, बदलण्याचा आणि शेजाऱ्याला देण्याचा हक्क राहील. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने तिला लागणारा गाभा लिहिला. तेच लिनक्स. हे कोणा भणंगाचे खूळ राहिलेले नाही. जगातील सर्वांत बलाढ्य पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र २०१७ पासून लिनक्सवर चालते. आणि ज्या अँड्रॉइड फोनभोवती आमची पोरे लगडतात, त्याच्याही पोटात लिनक्सचाच गाभा आहे. हे वाक्य ध्यानात ठेवा. त्याच्याकडे मला परत यायचे आहे.

आता पहिले वाक्य. 'लिनक्सवर गेम चालत नाहीत.' हे वाक्य खोटे नव्हते. ते शिळे आहे. वीस वर्षांपूर्वी ते खरे होते. गेम बनवणारा विंडोजसाठी बनवी, कारण गिऱ्हाईक तिथे. आणि गिऱ्हाईक तिथेच राही, कारण गेम तिथे. ह्या चक्रातून सुटायला दुभाषा पाहिजे होता. आमच्या शाळेत कातकरवाडीतून आलेल्या नव्या पोराचे बोलणे नव्या शिक्षकाला उमजत नाही, तेव्हा वरच्या वर्गातली त्याची बहीण मध्ये उभी राहते आणि इकडचे तिकडे सांगते. तसा एक दुभाषा 'वाइन' ह्या नावाने १९९३ पासून काही स्वयंसेवक घडवीत होते. विंडोजच्या बोलीत मागितलेली वस्तू तो लिनक्सच्या बोलीत मागून आणून देतो.

पुढे वाल्व्ह नावाची अमेरिकन कंपनी ह्या कामात उतरली. ही 'स्टीम' नावाचे गेमचे जगातील अवाढव्य दुकान चालवते. विंडोजच्या मालकानेच आपले दुकान थाटले तर आपले काय होईल, ह्या धास्तीने तिने २०१३ साली आपले दुकान लिनक्सवर उघडले. २०१५ साली तिने लिनक्सवर चालणारी खेळयंत्रे बाजारात आणवली. ती सपशेल आपटली. लोक हसले. पण कंपनीने धडा घेतला, २०१८ साली वाइनच्या पायावर 'प्रोटॉन' नावाचा तयारीचा दुभाषा दिला, आणि २०२२ साली 'स्टीम डेक' हे हातात धरून खेळायचे यंत्र काढले. त्याच्या आत लिनक्स आहे, आणि विंडोजसाठी लिहिलेले हजारो खेळ त्यावर चालतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टीमच्या स्वतःच्या पाहणीत लिनक्सवर खेळणारांचे प्रमाण प्रथमच शंभरात तीनच्या वर गेले. तीन म्हणजे फार नव्हे. परंतु जे चालतच नाही त्यावर शंभरातले तीन लोक खेळत कसे असतील, एवढा हिशेब समितीने करायला हरकत नव्हती.

जे चालत नाही, तेही सांगतो. वकिली करताना पुरावा लपवणे मला जमत नाही. ज्या खेळांत शेकडो लोक दूरदूरून एकमेकांशी झुंजतात, त्यांतले काही मोठे खेळ लिनक्सला दार उघडत नाहीत. व्हॅलोरंट चालत नाही, फोर्टनाइट चालत नाही. एपेक्स लेजेंड्स चालत असे. २०२४ साली मालकांनी बंद केला. त्यांचे म्हणणे असे, की खेळात लबाडी करणारे फार झाले. लबाडी पकडायला आमचा पहारेकरी तुमच्या यंत्राच्या अगदी गाभ्याशी बसला पाहिजे. आणि लिनक्सचा गाभा ज्याला त्याला बदलता येत असल्यामुळे तिथे आमच्या पहारेकऱ्याला भरवसा वाटत नाही. अडचण खरी आहे. पण कबड्डीचा पंच कुठे उभा राहतो? मैदानाच्या रेषेवर. तो खेळाडूच्या माजघरात खाट टाकून बसत नाही. लबाडी पकडायची तर मालकाने ती आपल्या मैदानावर, आपल्या यंत्रावर पकडावी. तिथले काम अवघड आणि खर्चाचे आहे म्हणून माझ्या घराची किल्ली मागू नये. ज्या खेळांना माझ्या घराची किल्ली हवी, ते माझ्याकडे आले नाहीत तर मी सुतक पाळणार नाही.

आता दुसरे वाक्य, वयस्क सभासदांचे. 'गेम नाहीत हेच बरे.' त्यांच्या तोंडून घराघरांतले आईबाप बोलत होते. पोरांचे डोळे जातात, झोप जाते, पैसा जातो. पैशाच्या खेळांनी तर घरे बसवली. त्यांना आळा घालणारा कायदा संसदेला २०२५ साली करावा लागला. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. तो जुगार होता आणि जुगाराला खेळ म्हणणे हा खेळाचा अपमान. पण जुगार वाईट म्हणून सोंगट्या वाईट ठरत नाहीत. खेळ हा पोराच्या हाती आलेला पहिला उद्योग असतो.

ह्याचा दाखला आमच्या मुरबाडला खेटून असलेल्या कर्जत तालुक्यात घडला आहे, आणि तो आम्ही विसरलो. निकोलस नेग्रोपोंटे ह्यांनी २००५ साली जगापुढे कल्पना मांडली: गरीब देशांतील प्रत्येक मुलाच्या हाती शंभर डॉलरचा छोटा संगणक द्यायचा. आपल्या केंद्र सरकारच्या शिक्षणखात्याने २००६ साली ती झिडकारली. तरीही २००७ साली खैराट-धनगरवाडा ह्या चिमुकल्या वस्तीवरच्या एकशिक्षकी शाळेत ते हिरवे-पांढरे संगणक आले. वीसबावीस मुले, आणि प्रत्येकाच्या मांडीवर एक यंत्र. आत लिनक्स, आणि वर मुलांसाठी मुद्दाम केलेले 'शुगर' नावाचे आवरण: चित्र काढा, सूर वाजवा, कासवाला आज्ञा देऊन आकृती रेखाटा, स्मृतीचा खेळ खेळा. त्याच वर्षी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ह्या बड्या कंपनीने आपला नगररचनेचा नामांकित खेळ 'सिमसिटी' ह्या मुलांच्या यंत्रांसाठी दिला, आणि २००८ साली त्याची मूळ आज्ञावली 'मायक्रोपोलिस' ह्या नावाने सर्वांना खुली झाली. नगर कसे वसवावे, कर किती घ्यावा, वीज कुठून आणावी, हे खेळणाऱ्या मुलाला खेळता खेळता तो खेळच उघडून पाहता येईल, असा हा दानधर्म होता.

ह्या योजनेचे पुढे काय झाले, तेही पदरात घेतले पाहिजे. यंत्रांची किंमत शंभर डॉलरवर कधी आलीच नाही. दुरुस्ती, वीज, शिक्षकांची तयारी ह्या सर्वांत ती जागोजाग अडखळली. पेरू देशातील मोठ्या प्रयोगाची पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा मुलांच्या गणितात आणि भाषेत लक्षात येण्याजोगी सुधारणा आढळली नाही. यंत्र वाटले की शिक्षण होते, ही भाबडी समजूत तिथे संपली, हे बरे झाले. परंतु कंपन्या गेल्या, योजना विरली, यंत्रे जुनी झाली, तरी एक गोष्ट मेली नाही: ते शुगर आजही जिवंत आहे, मायक्रोपोलिसही आहे, आणि आमच्या आठ भंगार यंत्रांवर ती कोणाचीही परवानगी न घेता घालता येतात. कुलपातली वस्तू मालकाबरोबर मरते. खुली वस्तू मालकावाचून जगते.

इथे मी माझ्या खऱ्या भांडणाशी येतो. समितीच्या त्याच सभेत एक आई-सभासद मागे बसल्या होत्या. त्या इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी विचारले, "गुरुजी, ते खेळ फुकट म्हणता; पण त्यांचा मालक कोण?" सगळ्या सभेतला हा एकच प्रश्न विचारण्याजोगा होता.

म्हसा गावच्या जत्रेत तुम्ही बैल विकत घेतलात तर विकणारा पुढल्या वर्षी येऊन "मी धंदा बंद केला, बैल परत द्या" असे म्हणत नाही. माझी कादंबरी तुम्ही घेतलीत तर माझा प्रकाशक रात्री तुमचे कपाट उघडून ती नेत नाही. गेमच्या धंद्यात मात्र नेमके हेच होते. युबिसॉफ्ट ह्या फ्रेंच कंपनीने 'द क्रू' नावाचा मोटारशर्यतीचा खेळ २०१४ साली विकला आणि ३१ मार्च २०२४ रोजी आपली यंत्रे बंद करून तो कायमचा मारला. ज्यांनी रोख पैसे मोजले होते त्यांच्याही हाती काही उरले नाही. युरोपातील खेळाडू खवळले. विकलेला खेळ मारू नका, अशी मागणी करणाऱ्या निवेदनावर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या पडल्या. आणि स्टीमच्या दुकानात २०२४ पासून पैसे भरतानाच पाटी दिसते, की तुम्ही वस्तू घेत नसून वापरण्याचा परवाना घेत आहात.

आमच्या पोरांनीही हे अनुभवले. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाइलवर सरकारने बंदी घातली. २०२१ साली तोच खेळ थोड्या फरकाने 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' म्हणून आला, २०२२ च्या जुलैत पुन्हा दुकानातून नाहीसा झाला, २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा उगवला. सरकारची कारणे सरकारपाशी; देशाच्या सुरक्षेचा प्रश्न मी मास्तर सोडवणार नाही. मी पोराच्या बाजूने पाहतो. खेळ येतो तेही त्याला न विचारता, जातो तोही न विचारता. आणि हे सारे घडते कुठे? ज्याच्या पोटात लिनक्सचा खुला गाभा आहे, त्याच फोनवर! म्हणून म्हटले होते की ते वाक्य ध्यानात ठेवा. गाभा खुला असून भागत नाही. भातसा आणि तानसा आमच्या शहापुरात आहेत. पाणी मुंबईला जाते, आणि धरणाच्या उशाला असलेल्या गावांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. झरा आपला असला तरी चावी दुसऱ्याच्या हाती असेल, तर हंडा कोरडाच.

म्हणून माझे भांडण विंडोजवाल्यांशी जेवढे आहे, तेवढेच लिनक्सच्या टाळकऱ्यांशीही आहे. 'आता आमच्याकडेही सगळे गेम चालतात' म्हणून ते गुलाल उधळत आहेत. गुलाल जरूर उधळा. मीही चिमूटभर लावून घेतो, कारण वाल्व्ह कंपनीने दुभाषावर केलेली मेहनत बरीचशी सर्वांसाठी खुली ठेवली, हे उपकार खरे. पण ते दुकान कुलूपबंदच आहे आणि त्यातले बहुतेक खेळ परवान्याचेच आहेत. एका सावकाराच्या शेतातून उठून दुसऱ्या, जरा मायाळू सावकाराच्या शेतात गेलो, ह्याला मुक्ती म्हणत नाहीत. उद्या त्याची लहर फिरली, पेढी दुसऱ्याने घेतली, तर? खुद्द स्टॉलमन ह्यांनी २०१२ साली ह्यावर दुहेरी कौल दिला होता: असे बंदिस्त खेळ नीतीला धरून नाहीत; पण त्यांच्या ओढीने लोक मोकळ्या प्रणालीकडे येत असतील तर तेवढा लाभ आहे. मी त्या कौलात एक शब्द वाढवतो: आलेल्यांना पुढची वाट दाखवली, तरच.

ठाणे जिल्ह्याला ही वाट नवी नाही. आमच्या आजोबा-पणजोबांनी दुसऱ्याच्या जमिनी पिढ्यान्‌पिढ्या कसल्या. मालक म्हणेल तेवढा मक्ता, मालक म्हणेल तेव्हा बेदखल. १९४८ चा कूळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ ह्या कृषकदिनाला कूळ मालक झाले. निदान कायद्याने झाले. कसेल त्याची जमीन! आज आमची पोरे पुन्हा कुळे झाली आहेत. ती रात्रीचा दिवस करून दुसऱ्याच्या रानात राबतात, तिथली हत्यारे आणि पोशाख स्वतःच्या बापाच्या पैशाने घेतात, आणि मालक म्हणेल तेव्हा हात हलवीत बाहेर पडतात. तेव्हा आजची घोषणा दुसरी कोणती असणार? खेळेल त्याचा खेळ!

मग गेम करणाऱ्याने खावे काय, असे कोणी विचारील. विचारले पाहिजे; मीही लिहिण्याचे चार पैसे घेतो. पण त्याचेही उत्तर घडून गेले आहे. 'डूम' नावाचा गाजलेला खेळ १९९३ साली निघाला. त्याच्या कर्त्यांनी त्यावर भरपूर पैसा मिळवला, आणि १९९७ साली त्याची मूळ आज्ञावली जगापुढे ठेवली. चित्रे आणि आवाज मात्र आपल्या हक्कात राखले. त्यामुळे तो खेळ आजही नवनव्या यंत्रांवर जिवंत आहे. आधी कमवा, मग उघडा. आणि दुकान बंद करायचे असेल तर बंद करण्याआधी उघडा. एवढा नियम कायद्याने केला तर कोणी उपाशी मरणार नाही. उलट गेम करणारेही कुळेच आहेत, हे २०२३ साली दिसले. ज्या 'युनिटी' नावाच्या अवजारावर जगभर गेम तयार होतात, तिच्या मालकांनी अचानक जाहीर केले की तुमचा गेम जितक्या यंत्रांवर उतरेल तितका कर द्या. हलकल्लोळ उडाला, पुढल्या वर्षी तो कर मागे घेतला गेला. पण पुष्कळ कारागीर तोवर 'गोडो' ह्या २०१४ पासून खुल्या असलेल्या अवजाराकडे वळले होते. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' ह्या मंडळींनी २०२० साली 'राजी' हा आपल्या पुराणकथांवरचा खेळ काढून दाखवला, की कसब इथे आहे. आता हत्यारही आपले होऊ शकते.

आणि हे सरकारला पेलत नाही, असे कोणी सांगू नये. केरळने आपल्या सरकारी शाळांचे संगणक-शिक्षण कित्येक वर्षांपूर्वीच खुल्या प्रणालीवर आणले. आपल्या मुंबईच्या आय. आय. टी.ने 'स्पोकन ट्युटोरियल' ह्या उपक्रमात खुल्या आज्ञावल्यांचे धडे मराठीतूनही दिले आहेत. मग महाराष्ट्राच्या शाळांतली चालती यंत्रे भंगारात का जावीत? माझी मागणी सरळ आहे. शाळेतले एकही चालते यंत्र कुलपाच्या मालकाने सांगितले म्हणून फेकू नये. जनतेच्या पैशातून मुलांसाठी जो खेळ घेतला वा करवला जाईल, त्याची मूळ आज्ञावली जनतेची असावी. आणि पुष्कळ खुल्या खेळांत मराठी एक तर नाही, नाही तर अर्धवट आहे; तिचे भाषांतर करायला सुट्टीतले चार दिवस द्यायला आम्ही मराठीचे अभिमानी तयार असावे. अभिमानाला कधी तरी काम लावले पाहिजे.

समितीने अखेर काय ठरवले? भंगारवाला आठवडाभराने येणार होता, तोवर मास्तरला हवे ते करू द्या, असे ठरले. माझा एक जुना विद्यार्थी कल्याणला नोकरी करतो. तो रविवारी आला. आठांतल्या सहा यंत्रांवर लिनक्स बसले, दोन खरोखरच गेलेली निघाली. सोमवारी आम्ही खेळ घातले. शर्यतीचा 'सुपरटक्सकार्ट', चिमुकल्यांसाठी 'जीकॉम्प्री', राज्ये उभारून लढण्याचा 'झिरो ए. डी.', ज्यात ग्रीक-रोमनांच्या जोडीला आपले मौर्यही आहेत. आणि ठोकळ्यांनी जग रचायचे 'लुआंटी', ज्याचे नाव २०२४ पर्यंत 'माइनटेस्ट' होते. पहिल्या दिवशी पोरांनी तोंडे वाकडी केली. "सर, ह्यात बंदुका कुठायत?" दुसऱ्या दिवशी निम्मी आली. तिसऱ्या दिवशी खोली भरली.

आठवीतली एक मुलगी, ठाकरवाडीतून चालत येणारी, लुआंटीत किल्ला बांधू लागली. थोड्या वेळाने मला म्हणाली, "सर, ही माती आपल्यासारखी नाही. आपली लाल असते." मी चित्रकलेचा मास्तर, संगणकाचे मला फारसे कळत नाही, पण ह्या तक्रारीचे मला कळले. आम्ही शोधले. त्या खेळातली माती म्हणजे सोळा घरे रुंद आणि सोळा घरे उंच असे एक लहानसे चित्र, एका उघड्या कप्प्यात ठेवलेले. तिने ते पुसले आणि पावसाळ्यानंतरच्या आमच्या बांधाचा रंग, ठिपका ठिपका करून, त्या दोनशे छप्पन घरांत भरला. खेळ बंद करून पुन्हा सुरू केला. सारे डोंगर लाल झाले. खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही; मग सगळेच एकदम बोलू लागले. एकाला कौले पाहिजे झाली, एकीला शेणाने सारवलेले अंगण. तासाची घंटा झाली तरी कोणी उठेना, आणि त्या दिवशी चित्रकलेचा तास शाळेत प्रथमच रिकामा राहिला नाही.

भंगारवाला आला तेव्हा वयस्क सभासद स्वतः दारात उभे होते. त्यांनी दोन मेलेली यंत्रे दिली आणि दार लावून घेतले.

वाचकहो, यंदा तुमच्या अंगणात किल्ला झाला तर उत्तम. नाही झाला आणि पोरगे काचेवरच खेळत बसले, तर त्याच्यावर ओरडू नका. शेजारी बसा आणि एवढेच विचारा: "बाळ, ह्यातली माती तुला बदलता येते का?" येत असेल तर फराळाचे ताट तिथेच नेऊन द्या. येत नसेल, तर ते पोर दुसऱ्याच्या रानात राबते आहे. आणि त्याला आपल्या अंगणात परत आणणे हे पोराचे नव्हे, आपले काम आहे.